गोळी एकाने झाडली, खुनाची जबाबदारी कितीजणांवर?

कॅश व्हॅन लुटली गेली आणि सुरक्षारक्षक ठार झाला, अशी बातमी आली की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: गोळी कोणी झाडली? न्यायालयात हा प्रश्न बहुधा लवकर सुटतो. खटला रेंगाळतो तो बाकीच्यांवरून. जीप चालवणारा, वळणावर फोन घेऊन उभा राहिलेला, व्हॅन किती वाजता निघते ते सांगणारा, नंतर पैसे दडवायला जागा देणारा. यातल्या प्रत्येकाचं म्हणणं जवळपास सारखंच असतं: "मी कोणाला मारलं नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं." हे अगदी खरं असूनही एकाला जन्मठेप होऊ शकते आणि दुसऱ्याची तीन वर्षांत सुटका होऊ शकते. हा फरक नशिबाचा नाही. त्यामागे ठरलेले नियम आहेत आणि ते सामान्य माणसाला समजण्यासारखे आहेत.

आपल्या गोव्यात अशा वेळी कायदा कोणता लागतो ते आधी पाहू. 'गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो' हे अर्धवट खरं आहे. लग्न, वारसा, नवरा-बायकोची मालमत्ता या बाबतींत तो चालतो. खून-दरोड्याशी त्याचा काही संबंध नाही. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते आणि त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिता, मग निकाल कितीही उशिरा लागो. म्हणूनच २०२३ मधल्या दरोड्याच्या निकालात आजही कलम ३९६ वाचायला मिळेल आणि नव्या एफआयआरमध्ये कलम ३१०.

व्हॅनबद्दलही थोडं सांगायला हवं. एटीएममध्ये पैसे भरणारी गाडी बँकेची असते असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा ती खाजगी कंपनीची असते आणि आतली माणसंही त्याच कंपनीची. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ साली या वाहतुकीचे नियम केले. एका फेरीत ५ कोटींहून जास्त रोकड नेता येत नाही. चालकाशिवाय किमान दोन सशस्त्र रक्षक आणि रोकड सांभाळणारे दोन कस्टोडियन हवेत. गाडीला जीपीएस आणि कॅमेरे हवेत. शहरात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. चहा-जेवणासाठी गाडी थांबली तरी एक रक्षक गाडीपाशीच राहायला हवा. कागदावर हे सगळं चोख आहे. प्रत्यक्षात गुडघ्यांत बारा बोअरची बंदूक धरून, पत्र्याच्या तापलेल्या डब्यात, साखळीने बांधलेल्या पेटीशेजारी दिवस काढणारा माणूस तुटपुंज्या पगारावर दुसऱ्यांचे कोट्यवधी रुपये राखत असतो. बातमीत त्याचं नाव एकदा येतं आणि पुढे फक्त लुटलेल्या रकमेचा आकडा उरतो, हे मला फार खुपतं.

आता एक कल्पित घटना घेऊ. रस्ता खरा, बाकी सगळं रचलेलं. म्हापशाहून निघालेली व्हॅन डिचोली, साखळी करत वाळपईकडे चालली आहे. दुपारचे साडेतीन. साखळी सोडल्यावर एका वळणावर जीप आडवी येते. तिघे खाली उतरतात. दोघांकडे कोयते, एकाकडे गावठी पिस्तूल. चौथा स्टिअरिंगवरच बसलाय, इंजिन चालू. पाचवा तीनशे मीटर मागे उभा आहे. "गाडी येता," असं फोनवर सांगून तो तिथेच थांबलाय, पोलिसांची जीप दिसली तर कळवायला. सहावा पर्वरीला आपल्या घरी आहे. तो पूर्वी याच कंपनीत होता. मार्ग, वेळ, कोणता रक्षक कुठे बसतो, ही सगळी टीप त्याची. सातव्याची सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे आणि पेटी तिथे पुरली जाणार आहे. रक्षक बंदूक उचलतो. पिस्तूलवाला दोन गोळ्या झाडतो. रक्षक जागीच कोसळतो.

सातपैकी खुनी किती?

कायदा आधी मोजणी करतो. चोरी करताना, चोरीसाठी किंवा चोरीचा माल घेऊन जाताना कोणाला इजा केली, अडकवून ठेवलं किंवा तिथल्या तिथे जिवाची भीती घातली, तर ती जबरी चोरी. तेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं तर दरोडा. या पाचांत प्रत्यक्ष लुटणारे येतात आणि जागेवर हजर राहून मदत करणारेही. आपल्या घटनेत उतरलेले तिघे आणि चालक मिळून चार झाले. पर्वरीत घरी बसलेला मोजला जात नाही, बागवालाही नाही, कारण ते तिथे नव्हते. म्हणजे सगळं येऊन अडतं वळणावरच्या पाचव्यावर. तीनशे मीटरवर, पण फोनने जोडलेला, पहाऱ्याचं काम करणारा माणूस 'हजर' धरायचा की नाही? सरकारी वकील म्हणतील, धरायचा. बचावाचे वकील यावर जिवाच्या आकांताने भांडतील. त्यांनी भांडायलाच हवं, कारण या एका माणसावर उरलेल्या चौघांचंही भवितव्य लटकलेलं असतं.

तो पाचवा मोजला गेला तर न्याय संहितेचं कलम ३१०, उपकलम ३ लागू होतं. त्याचा आशय असा: पाच किंवा अधिक जण मिळून दरोडा घालत असताना त्यातल्या एकाने खून केला, तर त्यातला प्रत्येकजण शिक्षेला पात्र. शिक्षा फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, शिवाय दंड. जुन्या कलम ३९६ मध्ये तिसरा पर्याय 'दहा वर्षांपर्यंत' असा होता. पूर्वी दहा हे छत होतं, आता ते जोतं झालं आहे. या कलमाखाली चालकाला खून व्हावा असं वाटत होतं का, हे सिद्ध करावं लागत नाही. तो दरोड्यात होता आणि दरोड्यात खून झाला, एवढं पुरे. "आमचं ठरलं होतं की गोळी चालवायची नाही" हा युक्तिवाद शिक्षा ठरवताना उपयोगी पडेल. दोषमुक्तीसाठी त्याचा उपयोग नाही.

पाच भरले नाहीत तर? जानेवारी २०२५ मध्ये बीदरला भर दिवसा एटीएमच्या रोकडीची लूट झाली आणि रोकड नेणारा एक कर्मचारी गोळीने ठार झाला. लुटारू दुचाकीवरून आलेले दोघे. वर्तमानपत्रांनी दरोडा म्हटलं. कायद्याच्या हिशेबात अशी घटना जबरी चोरी आणि खून होते. अशा वेळी खुनाचं कलम १०३ लागतं, ज्यात शिक्षा फाशी किंवा जन्मठेपच. मात्र ज्याने गोळी झाडली नाही त्याला त्यात ओढायचं तर सामाईक इरादा सिद्ध करावा लागतो (कलम ३, उपकलम ५, जुनं कलम ३४). म्हणजे जीव घेण्याचा प्रसंग आला तर घ्यायचा, हे दोघांच्याही मनात एकत्रितपणे होतं, असं दाखवावं लागतं. माणसाच्या मनात कोणी शिरू शकत नाही, म्हणून न्यायालय वागणं बघतं. भरलेलं पिस्तूल सोबत आहे हे दुसऱ्याला माहीत होतं का? पहिल्या गोळीनंतर तो थांबला, पळाला की पेटी उचलू लागला? समोर बंदूकधारी रक्षक असणार हे माहीत असताना भरलेलं पिस्तूल घेऊन निघालेली जोडी 'खून आमच्या ध्यानीमनीही नव्हता' असं म्हणू लागली, तर ते पटवणं फार कठीण.

या विषयावर शंभर वर्षांपूर्वीचा एक खटला आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. १९२३ साली कलकत्त्यातल्या शांखारीटोला पोस्टात पोस्टमास्तर टेबलाशी पैसे मोजत बसले होते. काहीजण दारात आले, पैसे मागितले आणि लगेच गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर गेले. मारेकरी एक पैसा न घेता पळाले. पाठलागात एकजण पिस्तुलासह सापडला, बारेंद्रकुमार घोष. त्याचं म्हणणं होतं, मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलेला होतो, गोळी मी झाडली नाही. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे ठरलं ते असं की ठरलेल्या कामात बाहेर उभं राहणं हाही त्या कामातला वाटाच. आपल्या घटनेत पाच भरले नाहीत, तरी हा निकाल वळणावरच्या माणसाच्या विरोधात उभा राहतो.

आता पर्वरीतला टीप देणारा. तो पाचांत मोजला गेला नाही म्हणून सुटला, असं समजू नका. ठरवण्यात तो सामील होता, म्हणून फौजदारी कटाचं कलम ६१ आहे. मदत केली म्हणून चिथावणी-साहाय्याची कलमं आहेत, आणि त्यातलं कलम ५१ त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. सांगितलेलं काम एक आणि घडलं दुसरं, तर त्या दुसऱ्याचीही जबाबदारी येते, अट एवढीच की ते पहिल्याचा संभाव्य परिणाम असायला हवं. कायद्यातलंच उदाहरण बघा: एकाने दोघांना मध्यरात्री घर फोडून लुटायला पाठवलं आणि त्यांना शस्त्रं दिली. घरातल्या माणसाने विरोध केला आणि त्यांनी त्याला मारलं. हा खून संभाव्य परिणाम ठरला, तर पाठवणाराही खुनाच्या शिक्षेला पात्र. शेजारचंच दुसरं उदाहरण: एकाने घर जाळायला सांगितलं, जाळणाऱ्याने आग लावता लावता चोरीही केली. सांगणारा चोरीला जबाबदार नाही, कारण चोरी हा आगीचा संभाव्य परिणाम नव्हे. व्हॅनमध्ये कोणता रक्षक बंदूक घेऊन कुठे बसतो हे ज्याने स्वतः सांगितलं, त्याला 'गोळीबार होईल असं वाटलं नव्हतं' म्हणायला जागा फारशी उरत नाही.

पण कंपनीतला एखादा नोकर नुसता चहाच्या टपरीवर बडबडला असेल तर? ऐकणाऱ्याने त्याचा उपयोग केला आणि याला पत्ताच नाही? मग तो कटात नाही. नोकरी जाईल, तुरुंग नाही. माहिती देणं आणि लुटीसाठी माहिती देणं यातली रेषा बारीक आहे. ती ठरते फोनच्या नोंदींवर, पैशांच्या व्यवहारांवर, आदल्या आठवड्यात कोण कोणाला कितीदा भेटलं यावर. जीप उसनी देणाऱ्या मित्राचंही तेच. "दोन तासांत परत आणतो" एवढंच ऐकून चावी दिली असेल तर तो साक्षीदार. कशासाठी हवी ते माहीत असून दिली तर आरोपी.

काजूच्या बागेवाल्याबद्दल लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. सगळं अवलंबून आहे ते त्याला कधी कळलं यावर. आधीपासून ठरलं असेल तर तो कटातलाच. लूट झाल्यावर रात्री ते दारात आले आणि तेव्हा त्याने पेटी ठेवून घेतली, तर खुनाशी त्याचा संबंध नाही. पण दरोड्यातला माल आहे हे माहीत असून ठेवल्याबद्दल कलम ३१७ खाली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. हे वाचून अनेकांना धक्का बसेल. साधा चोरीचा माल ठेवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत. तोच माल दरोड्यातला आहे हे माहीत असेल किंवा तसं मानायला कारण असेल तर जन्मठेपेपर्यंत. माल न ठेवता नुसती माणसं लपवली तर कलम २५४, सात वर्षांपर्यंत. नवरा किंवा बायकोने आसरा दिला तर या कलमातून सूट आहे. आई, भाऊ, मामा यांना ती सूट नाही, आणि आपल्या घरांत आसरा मागायला येणारा बहुधा याच दारांवर येतो.

सगळ्यांना सारखंच सगळं लागतं असंही नाही. लूट करताना प्राणघातक शस्त्र वापरलं तर किमान सात वर्षं, हे कलम ३११. ते ज्याने शस्त्र वापरलं त्याच्यापुरतंच. दिल्लीतल्या पेट्रोल पंपाच्या लुटीच्या खटल्यात, फूलकुमार प्रकरणात, १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भीती घालण्यासाठी चाकू उघड दाखवणं हाही वापरच, वार झालाच पाहिजे असं नाही. म्हणून आपल्या कोयतेवाल्या दोघांना ते लागेल, चालकाला नाही. अवैध पिस्तुलासाठी शस्त्र कायदा वेगळा.

आणखी दोन शक्यता पाहायलाच हव्यात. रक्षकाच्या गोळीने लुटारू मेला तर? जबरी चोरीच्या वेळी मालमत्तेच्या बचावासाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत अधिकार कायदा देतो (कलम ४१). रक्षकाचा गुन्हा होत नाही. मेलेल्याच्या साथीदारांवर त्याच्या मृत्यूसाठी दरोड्यातल्या खुनाचं कलमही लागत नाही, कारण खून त्यांच्यातल्या कोणी केलेला नाही. दुसरी शक्यता: कोणी हात लावला नाही, पण भीतीने कस्टोडियनला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. माणूस लुटीमुळेच गेला, तरी एवढ्यावर त्याला 'खून' ठरवणं फार अवघड आहे, आणि खून नसेल तर कलम ३१० चं उपकलम ३ लागत नाही. कुटुंबाला हे अन्याय्य वाटेल. मलाही यात समाधान वाटत नाही, पण कलमाचे शब्द तसे आहेत.

जगात सगळीकडे असंच आहे का? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅकजवळ २० ऑक्टोबर १९८१ रोजी ब्रिंक्स कंपनीच्या रोकड गाडीवर सशस्त्र हल्ला झाला. एक रक्षक आणि नंतर रस्ता अडवणारे दोन पोलीस मारले गेले. पळून जाण्याच्या गाड्यांत असलेल्यांनी, स्वतः गोळी न झाडलेल्यांनीही, खुनासाठी दशकानुदशकं तुरुंगात काढली. तिथला नियम असा की लुटीसारख्या गंभीर गुन्ह्यात मृत्यू झाला तर सहभागी सगळे खुनी, मग ते दोघे असोत की दहा. माझ्याकडे शस्त्र नव्हतं आणि दुसऱ्याकडे असेल असं मानायला कारण नव्हतं, असं आरोपीने दाखवलं तर त्याला थोडी वाट आहे. इंग्लंडने हा नियम १९५७ साली रद्द केला; तिथे प्रत्येकाचा इरादा वेगळा तपासतात. आपण मधे आहोत: पाच भरले तर न्यूयॉर्कच्या जवळ, न भरले तर इंग्लंडच्या जवळ. चार आणि पाच यांच्यात इतकी खोल दरी का असावी, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. टोळी मोठी झाली की दहशत वाढते हे खरं. पण चौघांनी पिस्तुलं घेऊन केलेली लूट पाचांनी काठ्या घेऊन केलेल्या लुटीपेक्षा कमी धोकादायक कशी?

पुराव्याकडे येऊ, कारण संशयित निर्दोष सुटतात ते बहुतेक इथे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. चालतो तो फक्त एक तुकडा: आरोपीच्या सांगण्यावरून नवीन वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेलं बोलणं. म्हणून बागेतला पंचनामा इतका महत्त्वाचा. दोन पंच, जीपमध्ये आरोपी, तो म्हणतो, "पेटी मी दाखवतो." गाडी मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागते. तो पुढे चालतो, तिसऱ्या झाडाखाली बोट दाखवतो, माती उकरली जाते, पेटी वर येते, कंपनीचं सील आणि नोटांचे गठ्ठे मोजले जातात. 'पेटी मी पुरली, दाखवतो' हे ग्राह्य. 'रक्षकाला मारून आणलेली' हे शब्द ग्राह्य नाहीत, पंचनाम्यात लिहिले असले तरी. आणि पोलिसांना ती जागा आधीच ठाऊक होती असं उलटतपासणीत निघालं, तर सगळा पंचनामा कोसळतो. नुसता माल सापडला म्हणून खूनही सिद्ध होत नाही; सर्वोच्च न्यायालयाने सानवत खान प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे.

ओळखपरेडीचंही तसंच. हेल्मेट घातलेल्या माणसाला कस्टोडियनने घाबरलेल्या अवस्थेत काही सेकंद पाहिलेलं असतं. परेडीआधी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला की ओळखीची किंमत संपलीच. गोव्यासारख्या छोट्या जागेत अटकेच्या तासाभरात फोटो गावभर होतो. तो पुढे ढकलणाऱ्याने खटल्याचं नुकसान केलेलं असतं, हे कृपा करून लक्षात घ्या.

मोजणीचा प्रश्न पुराव्यातही परत येतो. पाचजणांवर आरोप ठेवला, दोघे सुटले, उरले तीन. मग दरोडा राहतो का? 'हेच पाच' असा आरोप असेल तर तिघांचा दरोडा टिकत नाही. 'हे पाच आणि आणखी काही न सापडलेले' असं आरोपात आणि पुराव्यात असेल, तर तिघांनाही दरोड्याची शिक्षा होऊ शकते.

फाशी अशा खटल्यांत क्वचितच होते. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांसाठी आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज मात्र काढून टाका. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सूट देता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. कोलवाळच्या तुरुंगाचं दार चौदाव्या वर्षी आपोआप उघडत नाही.

गोव्याची हद्द कुठूनही फार लांब नाही. साखळीहून चोर्ला घाट चढला की कर्नाटक, पत्रादेवी ओलांडली की सिंधुदुर्ग. संशयित बेळगावात सापडले म्हणून गुन्हा हातचा जात नाही. गुन्हा घडला तिथे आणि आरोपी सापडला तिथेही दरोड्याचा खटला चालू शकतो. तक्रार तर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणं त्यांचं काम.

राहिला रक्षक, म्हणजे त्याचं घर. कामावर असताना मृत्यू आल्यामुळे मालकाकडून भरपाई हा कुटुंबाचा हक्क आहे. ती लुटारू पकडले जाण्यावर किंवा दोषी ठरण्यावर अवलंबून नाही. रक्कम मासिक वेतनाच्या पन्नास टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या घटकाने गुणून निघते. म्हणून पगार रोख मिळत असला तरी त्याची पावती, नियुक्तिपत्र, हजेरी, जे असेल ते घरात जपून ठेवायला हवं. याशिवाय राज्याची पीडित भरपाई योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, वकील लावावा लागत नाही. आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरीही मृताच्या वारसांना हा अर्ज करता येतो.